मादाम इन्शिराह यांच्या सदतीस ओळी

“मादाम, जरा हळू. आम्हाला दिसू तरी द्या.”

बाशमुहंदिस हाझिम असं म्हणाले तेव्हा काम होऊन गेलं होतं आणि मादाम इन्शिराह चहात साखर ढवळत होत्या. समोरच्या पडद्यावर दोनशे बारा नावं उभी होती. घर्बिया प्रांतातली, तांता शहर सोडून, तिळाची चिक्की घेणारी पण चण्याची न घेणारी सगळी दुकानं.

“पुन्हा करून दाखवता?”

“कशाला? नावं तीच येतील.”

आमचे मालक हाज मुतवल्ली खो खो हसले. बाशमुहंदिसही हसले, पण अर्ध्या सेकंदाने. आमच्याकडे संगणकाची वायर जोडणाऱ्यालाही बाशमुहंदिस म्हणतात. हाझिम खरोखरच इंजिनियर होते, त्यामुळे त्यांना त्याचं काही विशेष वाटत नसे. नियोजनाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवायला ते कैरोहून आले होते, आणि रविवारच्या त्या बैठकीत आमच्या कचेरीला वेगाने निवड कशी करायची हे शिकवणार होते. सुरुवातीला गंमत म्हणून त्यांनी मादामना एक प्रश्न घातला. गंमत नऊ सेकंदांत संपली.

आमची कंपनी ताहिनी म्हणजे तिळाचं वाटण, हलवा आणि चिक्की बनवते. तीन हजार चारशे अठरा दुकानांत माल जातो. सॉफ्टवेअरमध्ये या दुकानांना सदस्य म्हणतात आणि ते झाडासारखे टांगलेले असतात: कंपनी, प्रांत, तालुका, दुकान. वरच्याला पालक म्हणायचं, खालच्याला मूल, आणि टोकाला असतं ते पान. प्रत्येक पानाला वाटतं, ट्रक आधी आपल्याकडे यावा. नियोजन करायचं म्हणजे या झाडातून कुठली दुकानं, कुठला माल, कुठले महिने ते आधी निवडायचं. लोकांना वाटतं नियोजन म्हणजे फार खोल विचार. तीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, नव्वद टक्के निवड असते, उरलेला चहा.

मी, उस्ताद वगदी, मादामच्या शेजारच्या टेबलावर. मला निवड करायची असली की मी अधिकची बारीक खूण दाबत एकेक फांदी उघडतो, महल्ला शहरापर्यंत पोचतो, वाट चुकतो आणि जेवायला जातो. मादाम शोधाच्या चौकटीत नावाचे दोन तुकडे टाइप करतात, एक बटण दाबतात, नको ते गळून पडतं. माउसला त्या हात लावत नाहीत. “त्याला सगळ्या कचेरीचे हात लागतात,” असं त्यांचं म्हणणं.

त्या एकोणसाठ वर्षं अकरा महिन्यांच्या होत्या. राखाडी हिजाब, साखळीचा चष्मा, आणि टेबलाखाली गळक्या एसीसाठी प्लॅस्टिकचा डबा. त्यांच्या संगणकात त्यांनी स्वतः जमवलेल्या चौसष्ट याद्या होत्या. कंपनीच्या याद्यांना आकडे असतात. यांच्या याद्यांना नावं होती. ‘रुळांपलीकडचे.’ ‘शुक्रवारी ट्रक नको.’ ‘फोन न उचलणारे.’ ‘भावाभावांचं भांडण, दोघांनाही विचारा.’ हाज मुतवल्ली मोबाईलवर ओरडून काहीही विचारत, आणि त्यांचा श्वास संपायच्या आत मादामकडे नावं तयार असत. मी हे इतकी वर्षं पाहिलं होतं की मला त्यात काही अचाट आहे असं वाटेनासं झालं होतं. हाझिमचा चेहरा पाहिल्यावर पुन्हा वाटायला लागलं.

“आता माझं बघा,” हाझिम म्हणाले. त्यांनी सगळी दुकानं पडद्यावर आणली आणि एकाच चौकटीवर टिचकी मारली: रिकाम्या ओळी लपवा. डोळ्याचं पातं लवायच्या आत यादी आखडली. तीन हजार तीनशे सत्तावीस.

“सहा महिन्यांत ज्यांनी एक डबा घेतला नाही ते गेले. एक्क्याण्णव मेलेली दुकानं तुम्ही वर्षानुवर्षं ओढत होतात, हाज.”

हाज मुतवल्लींनी टाळी वाजवली. मादामनी चमचा बशीत ठेवला.

“त्यातली चोपन्न मेलेली आहेत,” त्या म्हणाल्या. “सदतीस जिवंत आहेत.”

“मादाम, सहा महिने शून्य आहे.”

“असणारच. ती उरसाची दुकानं आहेत. उरूस ऑक्टोबरात असतो.”

“आणि एरवी तिथे काय असतं?”

“कुठे कांदे, कुठे म्हशीचा चारा. एके ठिकाणी न्हावी बसतो.”

हाझिमनी हाजकडे पाहिलं. हाजनी छताकडे पाहिलं. त्यांच्या वडिलांनी ही कंपनी अशाच उरसांत, गाढवावर टोपल्या लादून उभी केली. ते त्यांना आठवत होतं, पण कैरोच्या माणसासमोर गाढव काढायची त्यांची इच्छा दिसली नाही.

“हरकत नाही,” हाझिम म्हणाले. “तारखा द्या, मी घालतो.”

“कापूस निघाला की.”

“कापूस कधी निघतो?”

“ते दरवर्षी फोन करून विचारावं लागतं.”

“म्हणजे संताच्या उरसाला तारीखच नाही?”

“संताला आहे. पण लोकांच्या हातात पैसे कापसानंतर येतात. संत समजूतदार आहेत, थांबतात.”

हाजनी बैठक आवरती घेतली. “गुरुवारी दुपारी दोनला यादी बंद. ऑक्टोबरपासून जे दुकान यादीत असेल त्याला माल, नसेल त्याला नाही. मला यात पुन्हा ओढू नका.” आणि ते निघून गेले, तेही जरा घाईने.

दुपारी हाझिम स्वतः मादामच्या टेबलाशी आले. माणूस सभ्य होता, हे कबूल केलं पाहिजे. खुर्ची ओढून बसले आणि चौसष्ट याद्या वरपासून खालपर्यंत वाचल्या. ‘फोन न उचलणारे’पाशी थोडे थांबले.

“या कुणाला दिसतात?”

“मला.”

“खासगी आहेत तर. तुमचं खातं बंद झालं की या जातील.”

“कुठे?”

त्यांनी विचार केला. “कुठे नाही. नुसत्याच जातील.”

“तीस तारखेला मी साठ पूर्ण करते.”

“मग तीस तारखेला,” हाझिम म्हणाले. दाताचा डॉक्टर दाढ काढावी लागेल असं सांगतो त्या आवाजात.

सगळ्यांना दिसणाऱ्या यादीला नव्या आवृत्तीत एकच अट होती. हाताने निवडलेली नावं चालणार नाहीत, नियम पाहिजे. नियम म्हणजे एक वाक्य, जे वाचून मशीन आपलं आपण निवडेल. “हाताने केलेल्या यादीला मालक लागतो, मादाम. मालक गेला की यादी शिळी होते. मी अकरा कंपन्यांत पाहिलंय.” यात खोटं काही नव्हतं. मलाही मनातून पटलं, पण मी तसं दाखवलं नाही, कारण माझं टेबल मादामच्या शेजारी होतं.

तर काम असं होतं: गुरुवारी दोनच्या आत असं एक वाक्य शोधायचं, की त्यातून ती सदतीस गावं येतील आणि दुसरं कुणी येणार नाही.

जिची बोटं कधी थांबलेली मी पाहिली नव्हती ती बाई दोन दिवस हातावर हात ठेवून बसली. मध्येच काहीतरी टाइप करायची, आकडा बघायची आणि पुसून टाकायची. चाळीस. एकशे सहा. एकोणतीस. मी विचारलं, “मादाम, यात तुमचं गाव आहे का हो?”

“नाही. आमच्या गावात उरूस नाही. आमच्याकडे कुणी संत होऊन गेला नाही.”

“मग एवढा जीव?”

“मी निवडलीयत ती,” त्या म्हणाल्या, आणि पुन्हा आकड्याकडे वळल्या.

मंगळवारी दुपारी त्यांनी वाक्य घातलं: ऑक्टोबरात विक्री आहे, बाकी महिन्यांत नाही. बटण दाबलं. छत्तीस.

“आलं की!” मी ओरडलो.

त्यांनी पडद्यावरून बोट खाली खाली नेलं. “कफ्र अल-हद्दाद नाही.”

ते येणारच नव्हतं. कफ्र अल-हद्दादला दोन वर्षं उरूसच झाला नव्हता. मिरवणुकीत मानाचा घोडा कुणाचा, यावरून दोन घराण्यांत जुंपली, काठ्या निघाल्या, आणि दर्ग्याच्या शेखसाहेबांनी उरूसच बंद करून टाकला. त्यामुळे तिथे ऑक्टोबरातही शून्य. ते दुकान आत घ्यायला वाक्य सैल करावं, तर त्याच्या मागून ती चोपन्न मेलेली दुकानं उठून येत.

मादामनी फोन उचलला आणि कफ्र अल-हद्दादच्या हज्जा नफीसाला लावला. या दोघी तेवीस वर्षं फोनवर बोलत होत्या. एकमेकींना पाहिलेलं नव्हतं. मादामना गाडी लागते. बसमध्ये वीस मिनिटांच्या वर त्या टिकत नाहीत. हज्जा नफीसाचा आवाज असा, की तो ऐकायला मला जागचं उठावं लागलं नाही.

“हज्जा, मी इन्शिराह, तांत्याहून.”

“अगं इन्शिराह! मला वाटलं तुला पेन्शनीत काढली.”

“अजून नाही. यंदा उरूस आहे का?”

“हाय म्हंजे! समेट झाला की. वासरू कापलं, दोन्ही घरची मानसं एका परातीत जेवली.”

“मग मानाचा घोडा?”

“दोन्ही जोडीनं. ज्याचं घोडं एक पाऊल म्होरं जाईल त्याचं घोडंच इकून टाकनार, असं शेखसाहेब म्हनलेत.”

“डबे किती लागतील?”

“चारशे धाड. दोन वर्सं पोरांनी चिक्की बघितली न्हाई. आन् साखरेच्या भावल्या इसरू नको बाई, पोरी जीव खातील माझा.”

“पाठवते.”

“पाठीव गं. ह्यो एकच आठवडा मला लोक दुकानवाली म्हनत्यात. बाकी वरीसभर कांद्यापाशी बसलेली म्हातारी.”

मादामनी फोन ठेवला तेव्हा हाझिम दाराशी उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं असावं, कारण शेजारच्या इमारतीतही ऐकू गेलं असणार.

“छत्तीस आलेत ना मादाम? चांगला नियम आहे. एक गेलं तर काय बिघडतं?”

मादामनी फोन पुन्हा उचलला आणि त्यांच्यापुढे धरला. “मीच परत लावून देते. तुम्ही तिला सांगा.”

हाझिमनी फोन घेतला नाही. खिशात हात घातले आणि म्हणाले, “गुरुवारपर्यंत वेळ आहे.”

बुधवारी सकाळी मादाम आल्या त्या थेट त्यांच्याकडेच गेल्या. मीही मागे गेलो. मला दुसरं काम नव्हतं असं नाही, पण ते महत्त्वाचं नव्हतं.

“बाशमुहंदिस, दुकानाच्या कार्डावरचा रकाना नियमात चालतो?”

“चालतो की. तालुका, दुकानाचा आकार, कार्डावरचं काहीही.”

“काहीही?”

“काहीही. पण नवीन रकाना आता काढून मागू नका, त्याला कैरोची परवानगी लागते.”

“नवीन नको,” मादाम म्हणाल्या.

प्रत्येक दुकानाला सॉफ्टवेअरमध्ये एक कार्ड असतं. त्यावर दुकानदाराचं नाव, फोन आणि फॅक्स. साडेतीन हजार दुकानांपैकी तिघांकडे कधी काळी फॅक्स होता. त्यातल्या एकावर आता कोंबडी बसते. पण रकाना होता, रिकामा, प्रत्येक कार्डावर. आणि फोन-फॅक्स बदलायचा अधिकार कचेरीत दोघांनाच होता, मादामना आणि मला. मी तो कधी वापरला नव्हता.

त्या बसल्या, चष्मा पुसला आणि सुरू झाल्या. दोन तुकडे, बटण, कार्ड उघड, फॅक्सपुढे ‘उरूस’, बंद. समोर कागद नव्हता, यादी उघडली नव्हती. पहिली आठ-दहा नावं मी पुटपुटत मोजली, मग नुसता बघत राहिलो. आयुष्यात मी दोनदा तोंड उघडं टाकून काही पाहिलंय. पहिल्यांदा लहानपणी सर्कशीत. सदतीस कार्डं अकरा मिनिटांत झाली, आणि त्यात एकदा त्यांना शिंक आली होती. कफ्र अल-हद्दाद त्यांनी शेवटी घेतलं. मग वाक्य घातलं: ज्याच्या फॅक्सच्या रकान्यात उरूस आहे ते. बटण.

सदतीस.

त्यांनी चहा मागवला. माझ्यासाठीही.

गुरुवारी बैठकीत हाझिमनी तो नियम पडद्यावर उघडला, एकदा वाचला, परत वाचला.

“मादाम, हा फॅक्स नंबर नाही.”

“फॅक्सही नाही.”

हाज मुतवल्लींना हसताना ठसका लागला, त्यांना पाणी द्यावं लागलं. हाझिम हसले नाहीत. ते पडद्याकडे बघत राहिले. पावणेदोन झाले होते, आणि नाही म्हणायला त्यांच्यापाशी एक अख्खी नियमावली होती, हे खोलीत सगळ्यांना माहीत होतं. मादाम सरळ बसल्या होत्या, हात मांडीवर. चहा समोर तसाच.

“पुढच्या वर्षी अडतिसावं गाव निघालं तर?” हाझिमनी विचारलं.

“तर उस्ताद वगदी फॅक्स भरतील.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी फॅक्स भरणाऱ्या माणसासारखा चेहरा केला.

“नियम आहे,” हाझिम शेवटी म्हणाले. “मशीनला कळतो. दुसरं कुणी चालवू शकतं. मी नाही म्हणू शकत नाही.” त्यांनी यादी सर्वांसाठी खुली केली आणि कुलूप घातलं. सामान आवरताना मला हळूच म्हणाले, “उस्ताद, त्यांनी ती नावं बघून भरली?”

“न बघता.”

त्यांनी लॅपटॉपची वायर गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. मग मादामच्या टेबलाशी जाऊन उभ्यानेच म्हणाले, “मादाम, मला ते शोधाच्या चौकटीतलं एकदा दाखवाल? हळू.” कैरोची गाडी चुकली त्यांची.

तीस तारखेला केक आला. हाजनी भाषण केलं, त्यात इन्शिराह हे नाव तीनदा आणि कंपनी चौदादा आली. मग सगळे पांगल्यावर मादाम जागेवर परत गेल्या आणि आपल्या खासगी याद्या उघडून बसल्या. एक उघडायची, वरपासून खालपर्यंत वाचायची, पुसायची.

“राहू द्या ना,” मी म्हटलं. “उद्या आपोआप जाणारच आहेत.”

“दुसऱ्याने का पुसायच्या? मी केल्यात, मी आवरते.”

“निदान ‘फोन न उचलणारे’ तरी मला द्या.”

“ते तुम्हाला आपोआप कळतील.”

साडेचारला त्यांनी शेवटची पुसली, टेबलाखालचा डबा ओतून आल्या, पर्स उचलली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी संगणकात त्यांचं नाव टाकून पाहिलं, का ते माहीत नाही. असा वापरकर्ता नाही, असं उत्तर आलं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात कफ्र अल-हद्दादचा ट्रक निघायचा होता आणि हाजनी मला सोबत धाडलं. आदल्या संध्याकाळी घरी फोन आला. “वगदी, पुढे बसायला जागा होईल का?” सकाळी मादाम आल्या, हातात अर्धं लिंबू धरून. ड्रायव्हरला तीनदा ट्रक थांबवावा लागला. तिसऱ्या वेळी तो मालाची पावती चाळत बसला होता. पावतीवर फोनखाली छापून आलं होतं, फॅक्स: उरूस.

“उस्ताद, हा कुठला नंबर?”

“लावून बघू नका,” मी म्हटलं.

आम्ही पोचलो तेव्हा दुपारच्या नमाजानंतरची गर्दी होती. दोन घोडे डोक्याला डोकं लावून चालले होते आणि दोन्ही घराण्यांची माणसं संताकडे न बघता घोड्यांच्या नाकांकडे बघत होती. दुकान म्हणजे दर्ग्याच्या भिंतीतली एक खोली. कांदे कोपऱ्यात सारलेले, आमच्या ट्रकमधून उतरवलेले डबे छतापर्यंत, पुढे फळीवर साखरेच्या बाहुल्या. आवाजावरून मी हज्जा नफीसा आडव्या अंगाची धरून चाललो होतो. ती एवढीशी होती, आणि दिसावी म्हणून खोक्यावर उभी होती.

मादाम रांगेत उभ्या राहिल्या. मी पुढे होऊन हाक मारणार, तोच त्यांनी माझी बाही धरली.

त्यांचा नंबर आला. त्यांनी तोंड उघडलं नाही. आवाज ओळखला गेला असता. तिळाच्या चिक्कीकडे बोट केलं आणि एक बोट वर धरलं. नफीसाने एक किलो तोललं, वर एक तुकडा टाकला, पैसे घेतले.

“आनखी काय?”

मादामनी मान हलवली. त्या दारातून आत बघत होत्या, डब्यांकडे, मग खोक्यावरच्या बाईकडे.

“मग हल की गं बाई, मागं मानसं हाईत!”

मादाम इन्शिराह बाजूला झाल्या, आणि रांग एका माणसाने पुढे सरकली.